नक्कल कशासाठी हवी

उदगीरच्या कोर्टात म्हणाले, लातूरला बघा.
लातूरला म्हणाले, तेव्हा आपला जिल्हा कुठं होता?
एकोणऐंशीचं म्हणजे उस्मानाबाद.
धाराशिवला उतरले तेव्हा पाटीवर नवं नाव होतं
आणि कंडक्टर अजून जुनंच ओरडत होता.

रेकॉर्ड रूममध्ये खदीरसाहेबांनी विचारलं, नंबर?
नंबर नाही माझ्याकडं.
तारीख?
उन्हाळा होता. मला शेजारी ठेवून आई
सकाळच्या गाडीनं गेली होती.
दशमी सांजेपर्यंत पुरली.

ते हसले नाहीत.
उन्हाळ्यानं रजिस्टर लावत नाही हो आम्ही,
तरी बघू. मार्च ते जून.

लाल कापडाचे बस्ते, छतापर्यंत.
फरशीलगतचे उर्दूतले.
ते वाचणारा आता मी एकटाच, खदीरसाहेब म्हणाले,
आणि मी पुढच्या मार्चला रिटायर.
बोट मात्र थांबलं नव्हतं, रकान्यावरून खाली सरकत होतं,
वाण्याच्या वहीवरून उधारी शोधावी तसं.

दुपारी तीनला सापडली आई.
फौ. कि. अ. ४१/७९
पद्मिनबाई भ्र. नागनाथ
विरुद्ध
नागनाथ पि. मारोती.

भ्र. म्हणजे भ्रतार.
ज्याच्यावर दावा लावला
त्याच्याच नावाचा खुंटा तिच्या नावाला,
दोघांच्या मधे
एवढासा एक शब्द.

आम्हाला सांगितलं होतं
बाप हैदराबादला कामाला गेला, तिकडंच राहिला.

जबाब, उलटतपासणी, साक्षीदार तीन:
सगळं मुदत संपली म्हणून नष्ट.
शेरा, सही, तारीख.
राहिली ती निकालाची तीन पानं,
टाइपरायटरचा 'र' दर ओळीत अर्धा.

खदीरसाहेबांनी पंखा माझ्याकडं वळवला
आणि पानावर पट्टी ठेवली, उडू नये म्हणून.

माझी आई घरात भाव बोलायची.
ब्लाउज बारा रुपये, फॉल पाच,
काजं वेगळी.
बाकीचं टाचण्यांसारखं ओठात धरलेलं.
माझ्या लग्नात रडलीसुद्धा ती
शिवणीच्या आतल्या बाजूनं.

आणि दुसऱ्या पानावर, मधोमध:
'सदर बाई पोटगीऐवजी शिलाई मशीन मागते.
सदर बाई फार मोठ्या आवाजात बोलली.
तिला दोन वेळा समज देण्यात आली.'

मी ती ओळ वाचली.
मग परत वाचली.
मग खदीरसाहेबांना वाचायला दिली,
मराठी त्यांना माझ्याहून बरी येते तरी
त्यांनी मुद्दाम सावकाश वाचली, मोठ्यानं,
आणि शेजारच्या टेबलावरची बाई
शिक्का हातात धरून थांबली.

काय म्हणाली होती ती?
दोनदा गप्प करावं लागलं म्हणजे
तिसऱ्यांदा काय म्हणाली असेल?
ते त्या नष्ट झालेल्या पानांत.

दरमहा पस्तीस रुपये मंजूर.
मशिनीबाबत आदेश करणे या न्यायालयाच्या कक्षेत नाही.
(मशीन तिनं पुढं हप्त्यानं घेतलं.
हप्ते चुकले नाहीत, ते मला आठवतं.
पस्तीस रुपये आलेले आठवत नाहीत.)

बाहेर लिंबाखाली बिरादार टायपिस्ट.
नक्कल अर्ज, तिकीट, पानाचे पैसे.
एका रकान्याशी मी अडले:
नक्कल कशासाठी हवी?
बिरादार वर न बघता म्हणाले,
लिहा की 'खाजगी कामासाठी'.
सगळे तेच लिवतेत.

आठ दिवसांनी पानं हातात आली,
प्रत्येकावर जांभळा शिक्का, 'खरी नक्कल'.
परतीच्या गाडीत औशाच्या पुढं
शेजारच्या बाईनं विचारलं,
कोर्टात काय काम होतं वो?
आईचं होतं, मी म्हणाले,
आणि दोन सीट पुढचा माणूस
वळून बघू लागला.