सातवी फासळी

मे महिना, सोलापूर, आणि पंखा बंद.
इलाजच नव्हता.
खोकं उघडलं तर बाल्साचे तुकडे
विमान व्हायच्या आधीच खोलीभर उडाले.

भूलक्ष्मी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन दारात.
"काय करलालाव ओ हे?
नातवाचा खेळ, अन् घाम तुमचा."

खरंच होतं. उन्हाला वैतागून
श्रीहर्ष आठ दिवस आधीच पुण्याला गेला,
जाताना डाव्या पंखाची सातवी फासळी
त्याच्या पायाखाली आली.
मुद्दाम नाही. पोर आहे.

बाकीच्या फासळ्या मी नकाशावर टाचण्यांनी उभ्या केल्या.
नकाशा परक्या लिपीतला, पण बाण कळतात, आकडे कळतात.
चौतीस वर्षं मागाखाली पाना घेऊन उताणा पडलो,
मला कुणी अक्षरं विचारली नाहीत.

नव्या पेठेत गेलो. बाल्सा आहे का?
दुकानदार म्हणाला, कुठल्या कंपनीचा?

मग माळ्यावरून बापाचा धोटा काढला.
हातमाग केव्हाच जळणात गेला,
हा एकटा राहिला होता, का कोण जाणे.
तासभर करवत चालवली.
भुसा काळपट पडला,
त्याला अजून खळीचा वास.
काडीसारखी पातळ केली फासळी,
तरी हातावर ठेवली की जड.

कागद लावायचा मात्र माझ्याच्यानं होईना.
एक फाटला. दुसरा फाटला.
"सरा," म्हणाली ती,
आणि सूप भिंतीला लावलं.
दिवसाला हजार पानं वळणारी बोटं ती,
चिंचोक्याची खळ कडेनं फिरवली,
पानं कापायच्या कात्रीनं काठ उतरवला,
तोंडात पाणी घेऊन फुर्र केलं
आणि पंख उन्हात ठेवला.
दहा मिनिटांत असा ताणला
की टिचकी मारली तर हलगी.

संध्याकाळी विडी घरकुलामागच्या माळावर
रबराला दोनशे पीळ.
पोरं जमली. मी सोडलं.

वर गेलं.
बाभळीच्या वर गेलं, तारेच्याही.
मग डावीकडे कलत कलत
मोठा गोल घेऊन
आमच्याच चपलांपाशी येऊन टेकलं.

पोरं म्हणाली, आजोबा, वाकडं उडतंय,
उजव्या पंखाला रुपया चिकटवा.

भूलक्ष्मी पदरानं पंखावरची माती पुसत होती.
"धोटा हाय त्यात," ती म्हणाली.
"त्याला दुसरं काय येतंय?"

रात्री श्रीहर्षला व्हिडिओ पाठवला.
त्यानं विचारलं, तातय्या, ते सरळ का जात नाही?
मी उत्तर लिहिलं. खोडलं.
परत लिहिलं, रविवारी बघू.

रुपया खिशातच आहे.