दोन ठिकाणी अर्थ

दाउगावपिल्समध्ये जानेवारीत चारलाच अंधारतं
आणि अंधारलं की माझा अ‍ॅम्प्लिफायर घुमायला लागतो.
म्हणजे दिवसाही घुमतच असेल,
दिवसा मी कुणाचं ऐकत नाही.

खोकं पाइनच्या फळ्यांचं.
शवपेट्या करणाऱ्या विटोल्डनं
उरल्यासुरल्या तुकड्यांतून कापून दिलं, पैसे घेतले नाहीत.
स्पीकर बंद पडलेल्या सिनेमागृहातला,
ट्रान्सफॉर्मर रीगाहून आलेल्या जुन्या रेडिओचा,
हात माझे,
बत्तीस वर्षं ट्राम डेपोत मोटारींना तार गुंडाळलेले.

बटण दाबलं, आणि घुंऽऽ.
गाणं नाही, बोलणं नाही,
नुसती एक गोमाशी, खोक्यात बिऱ्हाड केलेली.

खालच्या मजल्यावरची झेन्टा आली टॉर्च धरायला.
म्हणाली, "जुनं झालं की कुरकुरतंच.
माझे गुडघे बघ."

आवाज पार खाली नेला. घुमणं तसंच.
म्हणजे चोर बाहेरून आलेला नाही, घरातलाच.
कान लावला: सूर जाड, पन्नासाचा.
बारीक, शंभराचा असता
तर कॅपॅसिटर फुगलेत म्हटलं असतं.
तरी उघडून पाहिलं, तर दोन फुगलेले होतेच.
मेलेल्या कॅपॅसिटरमध्येही वीज दबा धरून बसते.
आधी ती रिकामी केली,
एका हातानं, दुसरा हात खिशात.
डेपोत पहिल्या दिवशी शिकवलेलं
एवढंच जन्मभर पुरलं.

मग ट्रान्सफॉर्मर फिरवून आडवा बसवला,
रुसून भिंतीकडे तोंड केलेल्या माणसासारखा.
घुमणं निम्मं.
व्हॉल्व्हच्या हीटरच्या तारा वेणीसारख्या पिळल्या.
वेणी झेन्टानं घातली, माझी बोटं आता ऐकत नाहीत.
घुमणं पाव.

ते पाव तीन संध्याकाळी हटेना.
चौकात तीन नंबरची ट्राम वळली
की त्याच्यावर खरखर चढायची.
तिची खोड मला पाठ.

चौथ्या संध्याकाळी दिसलं:
अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ या भिंतीतून येतो,
टेपरेकॉर्डरचा स्वयंपाकघरातल्या भिंतीतून,
आणि मधल्या तारेनं दोघांची गाठ.
दोन ठिकाणी अर्थ लागला
की रिंगणात वीज नुसती फिरत राहते,
कुठे पोचत नाही.
अर्थ तोडायचा नसतो, तो जीव वाचवतो.
दोन्ही प्लग एका बोर्डात आणले,
सगळ्या काळ्या तारा एका स्क्रूखाली, घट्ट.

आणि शांतता.
झेन्टाच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.
मी टॉर्चचाही आवाज शोधत होते.

मग टेप लावली, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप:
चौऱ्याऐंशी साल, हेच स्वयंपाकघर,
माझा भाऊ आंतोन्स, मांडीवर अकॉर्डियन.
सूर आले.
आणि सुरांखाली, घुंऽऽ.

टेप थांबवली, गप्प.
चालू केली, घुंऽऽ.
झेन्टा म्हणाली, "परत?"
मी पेचकस हातात घेतला. स्क्रू घट्टच होता.

तेवढ्यात टेपमध्ये काहीतरी गदागदा हललं,
बाटल्या किणकिणल्या,
आणि घुमणं बंद.
आमचा फ्रिज.
माझ्या पहिल्या पगाराचा, पाय लंगडा, खाली घडी केलेलं वर्तमानपत्र.
अकॉर्डियनही थांबलं.
"गप झाला एकदाचा," आंतोन्स म्हणाला,
"पहिल्यापासून घेऊ?"
कुणीतरी हसलं. वेळ लागला कळायला,
ती मी होते.

त्यानं पहिल्यापासून घेतलं.
अर्ध्यावर फ्रिज पुन्हा सुरू झाला,
तो वाजवत राहिला.

सोल्डरिंगची कांडी तापूनच राहिली होती,
टेबलाला एक डाग पडला.
झेन्टानं विचारलं, "झालं का दुरुस्त?"
"माझ्याकडचं झालं."