ग्राइंडिंग सेक्शन

कोठावदे मॅडमनी पडद्यावर उंदीर दाखवला,
चाकात पळणारा,
आणि खाली इंग्रजीत दोन शब्द.
'डेली ग्राइंड,' त्या म्हणाल्या,
'म्हणजे रोजचं तेच ते, जीव काढणारं.
ह्यातून आपल्याला बाहेर यायचंय.'
अंबडच्या कँटीनमध्ये आम्ही चाळीस जण,
पंखा बंद, समोसे पेपरखाली झाकलेले.

मी हात वर केला.
म्हटलं, मॅडम, मी ग्राइंडिंगलाच आहे.
तेवीस वर्षं.
बाहेर आलो तर मशीनवर कोण?

गांगुर्डेला हसता हसता ठसका लागला.
मॅडमही हसल्या, आडनाव विचारलं.
पगार, म्हटलं.
पुन्हा हशा.
तो मला कळवणच्या शाळेपासून पाठ आहे.

पण शब्द चिकटला.
कूलंटचा वास चिकटतो तसा, साबणानं न जाणारा.
त्रिमूर्ती चौकात सिग्नल लाल : डेली ग्राइंड.
पवननगरला मेथीची जुडी परत महाग : डेली ग्राइंड.
सेकंड शिफ्ट करून यायचं, ताट झाकलेलं असतं,
टीव्ही लावायचा आणि न बघता बघायचा,
रंजनाशी बोलायचं ते गॅसचा नंबर, लाइट बिल, पोराची फी,
'ऐकतेयस ना?'
'हं.'

ह्याला इतके दिवस नाव नव्हतं.
आम्ही आपले 'चालायचंच' म्हणायचो,
त्यात निदान काहीतरी चालत तरी असतं.
इंग्रजी नाव पडलं की आजार झाल्यासारखं वाटतं,
आता ह्यावर गोळी बघा.

सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली,
'तोंड का पाडलंय?'
म्हटलं, 'डेली ग्राइंड.'
'म्हणजे?'
'दळण. रोजचं.'
'मग डबा घे आणि जा, चौरेची गिरणी नऊला बंद होते.'

अशा बाईपुढे काय बोलणार.
स्कूटरवर पायांत डबा, आठ किलो गहू.

चौरेच्या पापण्यांवर पीठ.
पट्ट्याच्या आवाजात तो कुणाशी बोलत नाही,
नळीखाली हात धरतो,
अंगठा आणि बोट, चिमटीत पीठ घासून बघतो,
मग चाक अर्धी पेर फिरवतो.
मी बघत राहिलो.
शाफ्ट काढला की मीही असाच अंगठा फिरवतो,
मायक्रोमीटर हातात असला तरी आधी अंगठा.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
ह्या माणसाला सांगावंसं वाटलं,
पण आवाज फार होता.

मशीन थांबलं तेव्हा तो म्हणाला,
'उद्या दळण नाही. टाकी लावायचीय.
दगड गुळगुळीत झाला,
दळत नाही, नुसता तापतो.'

आमचंही चाक असंच.
ठिणग्या कमी पडतात, आवाज बारीक होतो,
बाहेरून बघावं तर एकदम चकाचक,
आणि जॉब निळा पडतो, जळतो.
तेव्हा हिऱ्याची टोच लावून वरचा थर खरवडायचा.
पाच मिनिटांचं काम. टार्गेटपायी तेच राहून जातं.
'किती दिवस झाले टाकी लावून?' मी विचारलं.
चौरे म्हणाला, 'लक्षात आलं नाही.
पीठ तर पडत होतं.'

घरी आलो तर डबा अजून गरम.
ओट्यावर ठेवला आणि का कुणास ठाऊक,
रंजनाला उंदराचं सांगितलं, 
चाक, पडदा, झाकलेले समोसे, गांगुर्डेचा ठसका.
तिनं परातीत पीठ घेतलं, चाळणी मारली.
'मग त्या उंदराचं काय झालं?'

गॅसचा नंबर नाही, फी नाही.
उंदीर.

म्हटलं, 'काय माहीत.
मॅडमनी पुढची स्लाइड लावली.'
चाळणीत कोंडा राहिला होता,
तो तिनं ओट्यावर झटकला.
'विचारायचंत की,' ती म्हणाली.