खड्डा क्रमांक सात

कातळावर कुणीतरी केव्हातरी एक जनावर कोरलंय.
फलकावर लिहिलंय, वाघ.
सरूबाई मांडवकर म्हणते, "म्हस हाय ती. शेपूट बग."
मला त्याच्या पुढच्या पायाशी काम:
तिथे तीन बोटं पाणी
आणि पाण्यात एकसष्ट भैकेर.

राजापुराच्या पश्चिमेला, सड्यावर,
जिथून समुद्र दिसतो पण ऐकू येत नाही,
मी भाद्रपदभर रोज येते.
फूटपट्टी, तापमापक, पांढरा चमचा.
कुणाला मागचे पाय फुटले, कुणाला अजून नाही,
पाणी किती अंश, किती मिलिमीटर उरलं.
आटू लागलं की यांना कसं कळतं, हा माझा प्रश्न.
कळतं, एवढं नक्की:
लग्न अंगावर आलेल्या घरासारखी घाई करतात,
शेपूट पुरती जिरायच्या आत पाय उरकून घेतात,
किडकिडीत राहतात, पण निघतात.

मोठ्यांची नोंद रात्री.
एकाला मुठीत धरलं तर तो फुगला,
पाय ताठ केले, पाठीवर दूध आलं.
ते कुपीत घ्यायचं, बर्फात ठेवायचं, पुण्याला पाठवायचं.
चुकून हात डोळ्याला लागला
आणि पहाटेपर्यंत मी एकाच डोळ्याने रडत राहिले.
सरूबाई हसली:
"तू धरलंस त्येला. त्यानं काय आरती करावी तुजी?"

मग पावसाने दडी मारली.
सीतेची आसवं वाळली, गेंद वाळले,
दुपारी कातळावर पाऊल टेकवेना.
पाणी एक बोट, मग नखभर.
नियम असा, की हात लावायचा नाही.
मरतील ते मोजायचे.
मी मोजत होते. एकोणीस. तेवीस.
उरलेले एका कोपऱ्यात, एकमेकांच्या ओलीवर.

सरूबाई गुरं वळवून आली.
वाकून बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खाली.
पिशवीतून कोकम सरबताची जुनी बाटली काढली,
झऱ्यावर भरलेली, स्वतःला प्यायला.
मी "नको" म्हणाले,
पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नाही.
कडेकडेने, तान्ह्याला अंघोळ घालावी तसं तिने ओतलं.
पाणी कोरलेल्या रेषेतून धावलं,
पाय भरला, पंजा भरला
(की खूर, जे काय असेल ते).

संध्याकाळी वही उघडली.
निरीक्षण बाद, असं लिहायला हवं होतं.
पेन्सिलीला टोक काढलं, पुन्हा काढलं.
पर्जन्यमानाच्या रकान्यात लिहिलं:
अर्धी बाटली, दुपारी बारा दहा.

खरा पाऊस तिसऱ्या दिवशी आला.
मी तेव्हा बर्फ आणायला तालुक्याला गेले होते.
किती निघाले ते सरूबाईनेच सांगितलं,
बोटांवर मोजून,
आणि बोटं संपल्यावर, "आनि बरेच."

हा आकडा
मी अजून कुठेच बसवलेला नाही.