खिडकीतली बाटली

लुलेओला डिसेंबरात दिवस तीन तासांचा,
तोही शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा.
सातव्या खाटेवर रिस्तिन, वय सव्वीस,
रेनडिअरच्या कळपामागे बर्फावरून गाडी पिटाळणारी.
आता पापणी सोडून तिचं काहीच हलत नव्हतं.

आधी पोट दुखलं. पोट उघडलं.
आत सगळं जागच्या जागी;
रिकाम्या हाताने कसं परतायचं
म्हणून निर्दोष अपेंडिक्स काढून घेतलं.
मग रक्तातलं मीठ उतरलं, झटके आले,
पाय गेले, हात गेले,
अकराव्या रात्री श्वाससुद्धा यंत्राकडे गहाण.

कण्यातलं पाणी: स्वच्छ.
मेंदूचा फोटो: स्वच्छच म्हणायचा.
रक्तात शिसं नाही, विष नाही.
त्या ‘स्वच्छ’ शब्दाचीच शिसारी आली मला.

उशाशी तिची आई, बिरेत, हातमोजे विणत.
म्हणाली, माझ्या मावशीचंही असंच झालं होतं.
एल्ले. पोट धरून ओरडायची, भिंतीशी बोलायची.
वेड्यांच्या दवाखान्यात नेली
ती पेटीतूनच परत आली.
मी मान हलवली. घाईत होतो.
फाइलीत लिहिलं:
कुटुंबात विशेष काही नाही.

युआर, शिकाऊ पोरगा,
लघवीची बाटली खिडकीत विसरला, दोन दिवस.
मी तावातावाने गेलो त्याला झापायला
आणि बाटलीपाशीच थांबलो.
परवा फिकट पिवळी होती ती.
त्या उसन्या उजेडात उभी राहून राहून
पिकल्या जांभळाच्या रसासारखी झाली होती.

वीस वर्षांपूर्वी वाचलेली एक ओळ,
परीक्षेपुरती.
पॉर्फिरिया.
युआर म्हणाला, सॉरी डॉक्टर, फेकून देऊ का?

मग औषधांचा तक्ता काढला.
झटके थांबावेत म्हणून दिलेलं इंजेक्शन
नेमकं त्याच आगीत तेल ओतत होतं,
दिवसातून तीनदा,
सही माझी.

औषध विमानाने आलं. काळंकुट्ट.
कुणा अनोळखी माणसांच्या रक्तातूनच काढलेलं.
मानेच्या मोठ्या शिरेतून
चार दिवस, थेंब थेंब.
चमत्कार वगैरे झाला नाही.
नसा आपल्या चालीने येतात,
बैलगाडीपेक्षा हळू.

डावा अंगठा हलला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता.
गळ्यात नळी, म्हणून अक्षरांचा फळा धरला;
मी बोट फिरवायचं,
हवं ते अक्षर आलं की तिने पापणी मिटायची.
मला वाटलं, पाणी मागेल.
ए.
एल.
पुन्हा एल.
ए.

बिरेतची सुई थांबली.
म्हणजे ऐकू येत होतं तिला,
आईचं बोलणं,
आणि त्यानंतरची माझी घाई.

मी फाइल उघडून ती ओळ खोडली,
एकाच रेघेने, नियमाप्रमाणे,
खालचं वाचता यावं अशी.