मागची सीट

अक्कलकोट रोडच्या दस्तगीर वेल्डरनं
दोन सायकली कापून एक केली.
पुढची यांची, मागची पोराची,
तो भिवंडीला गेल्यापासून जिन्याखाली गंजत होती.
"वैनी, तुमचं हँडल फिरणार नाही," तो म्हणाला,
"धरायला आहे नुसतं."
मी म्हटलं, संसारात तरी कुठं फिरतंय.
दस्तगीर हसला.
यांना ऐकूच आलं नाही.

एकतीस वर्षं मागावर.
खटक खटक खटक, चादरीमागून चादर,
आणि कान तिथंच कुठंतरी विणले गेले.
कारखान्यात सगळेच ओठ वाचायचे.
घरीही तसंच, समोर बसून बोलायचं,
रागातसुद्धा तोंड फिरवायची सोय नाही.
आणि आता माझ्यासमोर
यांची पाठ.

पहिल्याच दिवशी कन्ना चौकात पडलो.
मी पाय थांबवले, हे मारत राहिले.
चेन एकच.
हजार विड्या रस्त्यावर,
त्यातून एका रिक्षाचं चाक गेलं.
"सांगायचं की!" हे ओरडले.
कुणाला सांगू? शर्टाला?

मग ठरलं.
उजव्या खांद्यावर थाप : मागनं गाडी.
दोन्ही हात पाठीवर : थांबा.
बाकीचं पायातून.
माझा गुडघा धरला की यांचा पाय जड होतो,
ब्रँचवर पानं कमी मिळाली
तर माझ्या पेडलवरनंच ओळखतात,
मुकाट्यानं चढ एकटे ओढतात.

पण पाठीला डोळे नसतात, म्हणून मी सुटले.
कुंभारीच्या पुढं दोन्हीकडं ज्वारी,
मी बोलायला लागले.
जावेचं. सासूचं.
कारखाना बंद होता त्या वर्षी हे पिऊन यायचे
आणि मी झोपेचं सोंग घ्यायची, ते.
आणि बोरमाळ.
हरवली नव्हती ती.
धाकटीच्या बाळंतपणाला मीच गहाण टाकली.
अठरा वर्षं पोटात होतं,
वळसंगच्या रस्त्यावर वाऱ्याला देऊन टाकलं.

महिन्याभरानं चहाच्या टपरीवर,
स्वतःला ऐकू न येणाऱ्या मोठ्या आवाजात
हे म्हणाले,
"राजव्वा, ती बोरमाळ सोडवली का नाही मग?"
टपरीवरची सगळी माणसं वळली.

माझ्या हातातली बशी तशीच.
सायकल भिंतीला टेकलेली, हँडलवर
दिवाळीत बसवलेला गोल आरसा.
मला वाटायचं, ट्रकसाठी.
जाऊन वाकून बघितलं, यांच्या सीटवरनं :
रस्ता नाही त्यात, ट्रक नाही.
मागची सीट, आणि तिच्यावर
माझं तोंड येतं तेवढंच आभाळ.

"आणि मागनं ट्रक आला तर?"
मी एकेक अक्षर सावकाश विचारलं.
यांनी आधी चहा संपवला.
"तू हाय की."

परतताना बराच वेळ गप्प होते.
तोंडावर पदर, उन्हाचं निमित्त.
हॉर्न वाजला, उजव्या खांद्यावर थाप दिली,
न बघता सायकल डावीकडं सरकली.
ट्रक गेला. धूळ बसायला वेळ लागला.
कुंभारीच्या अलीकडं पदर सोडला
आणि म्हटलं,
नाही सोडवली. गेली ती.

पुढचे पाय जरा थांबल्यासारखे झाले,
माझेही,
मग कुणी आधी सुरू केलं
ते कळलं नाही.