पियानोवाल्याचं कार्ड

तिबिलिसी, वेरा मोहल्ला, तिसरा मजला.
पडद्यावर नुसता पांढरा आयत.
त्याला वजन द्यायचंय.
चार कोपरे ओढून मी तो तिरका पाडते,
कडेला एक पिक्सेल उजेड: झाली जाडी.
सावल्या मात्र दोन लागतात.
एक कार्डाखाली दबा धरून बसलेली, काळी, कंजूष.
दुसरी लांबवर विरत जाणारी;
अडतीस टक्क्यांवर आणली की ती गप्प होते.
टेबल माझंच, फोटोतलं,
चहाच्या ग्लासाच्या गोल डागासकट.

म्हातारे वखुश्ती पियानो सुरात लावतात.
सत्तरीत पहिलं कार्ड.
चष्मा पुसून पडद्याशी वाकले,
नखाने कोपरा उचलायला गेले
आणि ओशाळले.
"नेस्तान, हे ऊन कुणाकडचं?
मी जातो त्या घरांत पियानो
नेहमी अंधाऱ्या भिंतीलाच लावलेला असतो."

रात्री ऊन काढून टाकलं.
डावीकडे एक दिवा ठेवला, पिवळट.
नाव अर्धं उजेडात,
फोन नंबर तर जवळजवळ दिसेचना.
त्यांना तेच पसंत पडलं.

गुरुवारी छापखान्यातून दोनशे आली.
एक त्यांनी माझ्या टेबलावर टाकलं, खरंखुरं,
तर त्याला सावलीच पडेना.
ढगाळ दुपार. कार्ड सपाट,
कुणीतरी घाईत चिकटवल्यासारखं.
मी असं काम दिलं असतं
तर कुणीही पैसे परत मागितले असते.

तोवर वखुश्तींनी ग्लास खाली ठेवला होता,
बरोबर त्या जुन्या डागावर.